गुन्हेगाराचा दंड आणि पीडिताचे ऋण : महाराष्ट्राच्या संदर्भात एक ऐतिहासिक चिकित्सा

प्रस्तावना

कर्त्या माणसाचा खून झाला की त्याच्या घरावर दोन आपत्ती एकाच वेळी कोसळतात. पहिली सर्वांना दिसते. दुसरी सातबारा उताऱ्यावरील बोजाच्या रूपाने, विविध कार्यकारी सोसायटीच्या थकबाकीच्या यादीत किंवा सावकाराच्या वहीत नोंदलेली असते. मृताचे कर्ज त्याच्याबरोबर मरत नाही. जखमी माणूस वाचला तर दवाखान्याचे बिल भागविण्यासाठी घरातील दागिने गहाण पडतात, हातउसने पैसे घेतले जातात आणि खटल्याच्या तारखांना जाण्यासाठीही उसनवारी करावी लागते. या सर्व व्यवहारात ज्याच्या कृत्यामुळे हे घडले तो गुन्हेगार कोठेच नसतो. त्याचा हिशेब सरकारशी असतो. तो तुरुंगवास भोगतो आणि दंड झालाच तर तो सामान्यतः सरकारी तिजोरीत जमा होतो.

पीडिताच्या ऋणाचा भार गुन्हेगाराने उचलावा काय, हा प्रश्न आधुनिक वाटत असला तरी तो आधुनिक नाही. दंड कोणाचा, राजाचा की पीडिताचा, हा वाद भारतीय विधिपरंपरेत फार जुना आहे, आणि ऋणाचा प्रश्न त्याच वादाच्या पोटात दडलेला आहे. प्रस्तुत निबंधात धर्मशास्त्र, मराठेशाही, ब्रिटिश अंमल आणि स्वातंत्र्योत्तर काळ या क्रमाने या प्रश्नाचा मागोवा घेण्याचा प्रयत्न केला आहे. विवेचन प्रामुख्याने महाराष्ट्रापुरते मर्यादित असून इतर प्रदेशांचा उल्लेख आवश्यक तेथेच केला आहे.

प्रारंभीच एक भेद स्पष्ट करणे इष्ट ठरेल. गुन्ह्यापूर्वी पीडिताने स्वतःच्या गरजेसाठी काढलेले कर्ज आणि गुन्ह्यामुळे काढावे लागलेले कर्ज ही दोन्ही व्यवहारात एकाच वहीत येतात, पण न्यायाच्या दृष्टीने ती एक नव्हेत. पहिल्याचे कारण गुन्हेगार नाही. ते फेडण्याची शक्ती मात्र त्याने नष्ट केलेली असते. दुसऱ्याचे कारण तोच असतो. या विषयावरील चर्चेत जो गोंधळ आढळतो तो बव्हंशी हा भेद न पाळल्यामुळे झालेला आहे.

धर्मशास्त्रातील दंड आणि समुत्थानव्यय

प्राचीन धर्मसूत्रांत मनुष्यवधाबद्दल गायी देण्याची तरतूद आढळते. आपस्तंब धर्मसूत्रात क्षत्रियाच्या वधासाठी हजार, वैश्याच्या वधासाठी शंभर आणि शूद्राच्या वधासाठी दहा गायी, व त्यासोबत एक बैल, असे प्रमाण सांगितले असून त्याचा हेतू वैराचे निरसन असा दिला आहे. या गायी कोणाला द्यावयाच्या याविषयी टीकाकारांत व आधुनिक अभ्यासकांत मतभेद आहेत. मृताच्या आप्तांना देण्याची मूळ प्रथा पुढे राजाला किंवा ब्राह्मणाला दान देण्यात परिवर्तित झाली असावी, असे अनेकांचे मत आहे. या व्यवस्थेत माणसाचे मोल वर्णानुसार ठरत होते, ही बाब नजरेआड करता येत नाही. नुकसानभरपाईच्या प्राचीन परंपरेचे गोडवे गाणारे लेखन आपल्याकडे विपुल आहे. दहा गायींचा उल्लेख त्यात सहसा नसतो.

स्मृतिकाळात राजदंडाची कल्पना दृढ झाली, तरीही पीडिताचा हक्क पुरता लोपला नाही. दुसऱ्याच्या वस्तूची हानी करणाऱ्याने मालकाचे समाधान करावे आणि तेवढीच रक्कम राजालाही द्यावी, असे मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात सांगितले आहे. याच अध्यायात अंगाला इजा करणाऱ्याने जखमी माणूस पूर्ववत होईपर्यंतचा खर्च सोसावा, असा नियम आहे. याज्ञवल्क्यानेही तो दिला आहे आणि त्याला समुत्थानाचा व्यय अशी संज्ञा आहे. समुत्थान म्हणजे पुन्हा उठून उभे राहणे. औषध, पथ्य आणि शुश्रूषा यांचा खर्च त्यात येतो आणि तो राजदंडाहून वेगळा, दंडाच्या जोडीने द्यावयाचा आहे. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने ही संज्ञा अत्यंत महत्त्वाची आहे. गुन्ह्यामुळे काढाव्या लागणाऱ्या कर्जाचे उत्तर तीत तत्त्वतः आलेले आहे.

चोरीच्या बाबतीत धर्मशास्त्र आणखी पुढे जाते. चोराकडून चोरलेला माल प्रथम परत करवावा व मग त्याला शासन करावे, असा याज्ञवल्क्याचा क्रम आहे. चोर सापडला नाही, तर राजाने आपल्या कोशातून मालकाची भरपाई करावी, असे गौतम धर्मसूत्र सांगते. मनू आणि याज्ञवल्क्य यांनीही चोरीचा माल प्रजेला परत देणे हे राजाचे कर्तव्य मानले आहे. प्रजेकडून कर घेणारा राजा तिच्या संरक्षणास बांधलेला आहे, हा त्यामागील विचार होय. माग ज्या गावाच्या शिवेत थांबतो त्या गावाने भरपाई द्यावी, आणि गावाच्या हद्दीबाहेर एक कोसापलीकडे घटना घडल्यास आसपासच्या पाच किंवा दहा गावांनी ती द्यावी, असाही याज्ञवल्क्याचा नियम आहे. हा नियम पुढे मराठी मुलखात प्रत्यक्ष व्यवहारात दिसतो, हे लक्षात ठेवले पाहिजे.

याज्ञवल्क्यस्मृतीवरील विज्ञानेश्वराची मिताक्षरा ही टीका कल्याणीच्या चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य याच्या काळात, म्हणजे १०७६ ते ११२६ या दरम्यान लिहिली गेली आणि पुढे महाराष्ट्रातील न्यायव्यवहाराचा ती प्रमुख आधार ठरली. सतराव्या शतकातील नीलकंठ भट्टाचा व्यवहारमयूख हा गुजरात आणि उत्तर कोकणात विशेष मान्य होता. त्याचे घराणे मूळचे पैठणचे. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी या ग्रंथाची आवृत्ती सिद्ध केली आणि धर्मशास्त्राच्या इतिहासात दंडविचाराची साधार मांडणी केली, हे सर्वश्रुत आहे.

याच परंपरेत ऋणाविषयीचा एक नियम असा आहे की, ज्याच्याकडे या प्रश्नाच्या संदर्भात क्वचितच लक्ष दिले गेले. पित्याचे ऋण पुत्राने फेडावे हे पवित्र कर्तव्य मानले गेले. परंतु मद्य, कामवासना व द्यूत यांपायी झालेले ऋण, तसेच पित्याने न भरलेला दंड किंवा शुल्क यांची बाकी पुत्राने देऊ नये, असे याज्ञवल्क्य सांगतो. गौतमाचेही मत याच दिशेचे आहे. म्हणजे पीडिताचे व्यावहारिक कर्ज त्याच्या मुलाच्या माथी बसत होते, आणि गुन्हेगाराचा दंड मात्र त्याच्या मुलाला लागत नव्हता. दुसरा नियम न्याय्यच आहे. बापाच्या गुन्ह्याची शिक्षा मुलाने का भोगावी? तथापि दोन्ही नियम शेजारी ठेवून पाहिले असता गुन्हेगाराच्या मृत्यूनंतर सर्व ओझे पीडिताच्याच घराकडे सरकते, ही विसंगती जाणवल्याशिवाय राहत नाही.

मराठेशाहीतील ‘गुन्हेगारी’

आज गुन्हेगारी हा शब्द आपण अपराधांच्या प्रमाणासाठी वापरतो. पेशवेकालीन कागदपत्रांत त्याचा अर्थ दंड असा आहे. अमुक इसमाकडून इतके रुपये गुन्हेगारी घेतली, अशा नोंदी त्यात असतात. मोल्सवर्थच्या कोशातही हा अर्थ नोंदलेला आहे. अपराध आणि त्यापासून सरकारला होणारी प्राप्ती यांना एकच शब्द असावा, ही केवळ भाषिक गंमत नव्हे. त्या काळच्या मुलकी व्यवस्थेत दंड हे जमेचे एक कलम होते.

पेशवाईच्या अस्तानंतर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने जिंकलेल्या मुलखाविषयी १८१९ मध्ये जो अहवाल सादर केला, त्यात या व्यवस्थेचे वर्णन आढळते. परकीय राज्यकर्त्याचा अहवाल म्हणून त्याच्या मर्यादा आहेतच. पण जुनी व्यवस्था शक्यतो टिकवावी असे मानणाऱ्या अधिकाऱ्याने तो लिहिला असल्याने त्याला विशेष मोल आहे. विशेष क्रौर्य नसलेल्या खुनाला देहान्त शिक्षा क्वचितच होत असे आणि बहुधा दंडावर भागत असे, असे त्याने नमूद केले आहे. गावात चोरी झाली की माग काढण्याची जबाबदारी गावच्या जागल्यावर असे. माग दुसऱ्या गावाच्या शिवेपर्यंत नेऊन पोहोचविला की जबाबदारी त्या गावाकडे जाई. माल मिळाला नाही तर त्याची किंमत जागल्याकडून व गावाकडून वसूल करण्याची रीत होती. ही वसुली उघडच अन्यायकारक होती व ती क्वचितच पूर्णपणे केली जाई, पण काहीतरी दंड सहसा घेतला जाई, असेही एल्फिन्स्टन सांगतो. याज्ञवल्क्याचा पावलांच्या मागाचा नियम शतकानुशतके लोटल्यावरही गावगाड्यात जिवंत होता, असे यावरून म्हणता येईल. अर्थात तो ग्रंथातून गावात आला की गावातून ग्रंथात गेला, हा वेगळा प्रश्न आहे.

ऋणाच्या वसुलीत मात्र सरकारचा उत्साह निराळाच होता. धनको आपला तगादा स्वतः लावी, ऋणकोच्या दारात धरणे धरी. सरकारने मदत करून कर्ज वसूल करून दिले तर वसुलाच्या चौथा हिस्सा सरकार घेई. म्हणजे गुन्ह्याच्या दंडातही सरकारचा लाभ आणि कर्जाच्या वसुलीतही सरकारचा लाभ. ज्या घरात गुन्हा घडला आणि ज्या घरावर कर्ज होते, ते घर या दोन्ही व्यवहारांत देणेकरीच राहिले.

कंपनी सरकार : भरपाईकडून तुरुंगाकडे

ब्रिटिश अंमलात झालेला मूलगामी बदल प्रथम बंगालमध्ये दिसतो. तेथे फौजदारी न्यायात इस्लामी विधी चालू होता व त्यानुसार खुनाच्या काही प्रकारांत मृताच्या वारसांना दियत, म्हणजे रक्ताचे मोल, मिळण्याचा किंवा गुन्हेगाराला माफ करण्याचा अधिकार होता. कॉर्नवॉलिसच्या कारकिर्दीत वारसांचा माफीचा अधिकार काढून घेण्यात आला. १७९७ च्या विनियमाने दियतीऐवजी तुरुंगवास द्यावा असे ठरले. रक्कम भरता न आल्याने तुरुंगात खितपत पडलेल्या कैद्यांची दुःस्थिती हे त्यामागील एक कारण होते. सुधारणेचा हेतू चांगला होता. श्रीमंताने पैसे टाकून सुटावे आणि गरिबाने सडावे हे कोणत्याही न्यायबुद्धीला पटणारे नाही. परंतु परिणाम असा झाला की, मृताच्या वारसांच्या हाती येणारी रक्कम गेली आणि तिच्या जागी गुन्हेगाराचा कारावास आला, ज्याचा वारसांना आर्थिकदृष्ट्या काहीही उपयोग नव्हता.

इंग्लंडच्या विधीची पार्श्वभूमीही येथे ध्यानात घेतली पाहिजे. तेथे गंभीर गुन्ह्यात दोषी ठरलेल्याची मालमत्ता राजसत्तेकडे जप्त होत असे. ही पद्धत १८७० च्या कायद्याने रद्द झाली. राजाने आधीच सर्व घेतल्यावर पीडिताला घेण्यासारखे काय उरणार? १८६० च्या भारतीय दंड संहितेतही मालमत्ता सरकारजमा करण्याची कलमे ६१ व ६२ होती आणि ती १९२१ मध्ये रद्द करण्यात आली.

याच दंड संहितेचे कलम ७० या विषयाच्या अभ्यासकाने अवश्य पाहावे. दंडाची रक्कम शिक्षेनंतर सहा वर्षांपर्यंत किंवा कारावास त्याहून मोठा असल्यास तो संपेपर्यंत वसूल करता येते आणि गुन्हेगार मरण पावला तरी त्याच्या कर्जाला जी मालमत्ता बांधील असते ती दंडालाही बांधील राहते, असे त्यात म्हटले होते. हा नियम भारतीय न्याय संहितेच्या कलम ८ मध्ये कायम आहे. याज्ञवल्क्याच्या दंडशेषाच्या नियमाला येथे छेद गेला. मुलगा व्यक्तिशः बांधील झाला नाही, पण बापाची मालमत्ता बांधील झाली. दंडाला ऋणाचे रूप मिळाले ते येथे. मात्र हे ऋण सरकारचे होते.

१८५५ चा कायदा आणि मृताची दोन खाती

प्रस्तुत प्रश्नाचे सर्वांत नेमके उत्तर ज्या कायद्यात मिळते तो फौजदारी कायदा नाहीच. इंग्लंडमधील १८४६ च्या कायद्याच्या धर्तीवर भारतात १८५५ मध्ये प्राणघातक अपघात अधिनियम झाला. नावात अपघात असला तरी दुसऱ्याच्या अपकृत्याने झालेला मृत्यू त्याच्या कक्षेत येतो आणि ते कृत्य गुन्हा असले तरीही दावा चालतो. या कायद्याने मृताच्या नावाने दोन वेगळी खाती उघडली, असे म्हणता येईल. पहिले खाते पत्नी, पती, आईवडील व मुले यांच्या नुकसानीचे. ती रक्कम त्यांची स्वतःची असते आणि मृताच्या मालमत्तेत मिसळत नाही. दुसरे खाते मृताच्या मिळकतीला पोहोचलेल्या नुकसानीचे. त्यापोटी वसूल झालेली रक्कम मृताच्या मालमत्तेचा भाग समजली जाते, आणि म्हणून मृताच्या धनकोंचा हात तेथपर्यंत पोहोचू शकतो.

या भेदाचे महत्त्व व्यवहारात फार मोठे आहे. गुन्हेगाराने दिलेली सर्वच रक्कम मृताच्या कर्जापोटी गेली, तर भरपाईचा खरा लाभार्थी सावकार ठरेल आणि विधवेच्या हाती शून्य राहील. पीडिताचे कर्ज गुन्हेगाराने फेडावे ही मागणी करुणेपोटी केली जाते. पण तिची मांडणी सैल राहिली तर तिचा फायदा पीडिताला न होता धनकोला होतो.

या काळात मुंबई इलाख्यात ऋणाचा विधीही बदलत होता. येथे प्रचलित मतानुसार पुत्र व पौत्र पित्याच्या किंवा आजोबाच्या कर्जाला, वारशात काही मिळो वा न मिळो, बांधील मानले जात. १८६६ च्या मुंबईच्या हिंदू वारस साहाय्य कायद्याने ही जबाबदारी मिळालेल्या मालमत्तेपुरती मर्यादित केली. आज दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ५० हेच तत्त्व सांगते, आणि २००५ च्या हिंदू उत्तराधिकार सुधारणा कायद्याने तर पुत्राच्या पवित्र कर्तव्याचा आधारही काढून घेतला. तेव्हा मृताचे कर्ज विधवेने स्वतःच्या मजुरीतून फेडलेच पाहिजे, असे कायदा म्हणत नाही. पण तिच्याकडे असलेली दोन एकर जमीन हीच मृताची मालमत्ता असते व तीच तारण असते. कायद्याने दिलेली मोकळीक अशा घरी फारशी उपयोगी पडत नाही.

सुपे, १८७५ : पीडित सावकार

पीडित म्हटला की तो ऋणकोच असेल असे आपण गृहीत धरतो. दख्खनच्या दंग्यांनी या गृहीतकाला धक्का दिला आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील भीमथडी तालुक्यात सुपे येथे दंग्याला सुरुवात झाली आणि तो पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरला. शेतकऱ्यांचा रोख सावकाराच्या जिवावर नव्हता. कर्जरोखे हस्तगत करून ते जाळणे हा त्यांचा मुख्य उद्देश होता. ९५१ जणांना अटक झाली व ५०१ जणांना शिक्षा झाल्या. दंगेखोर गावांवर जादा पोलीस बसवून त्यांचा खर्च गावकऱ्यांकडून वसूल करण्यात आला.

येथे गुन्हेगार हाच ऋणको आणि पीडित हाच धनको आहे. शिवाय खेड्यातील लहान सावकार अनेकदा मोठ्या पेढीकडून आणलेल्या भांडवलावर धंदा करीत असे. म्हणजे रोखे जळाल्यावर त्याचे स्वतःचे देणे मात्र उभेच राहिले. गुन्हेगाराने पीडिताच्या ऋणाचा भार उचलावा हे सूत्र येथे यांत्रिकपणे लावले, तर आधीच कर्जात बुडालेल्या कुणब्याने सावकाराचेही कर्ज फेडावे असा निष्कर्ष निघेल. सरकारनेही तसे केले नाही. चौकशी आयोग नेमला गेला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा होऊन करारामागील खरा व्यवहार तपासण्याचा अधिकार न्यायालयांना मिळाला. मात्र जादा पोलिसांचा खर्च, म्हणजे सरकारचे देणे, गावांनी चुकते केले.

गावाकडून वसुली करण्याची ही कल्पना त्यानंतरही संपली नाही. १९५१ च्या मुंबई पोलीस अधिनियमाच्या, म्हणजे आताच्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या, कलम ५१ नुसार बेकायदा जमावाच्या कृत्याने मालमत्तेची हानी, मृत्यू किंवा जबर दुखापत झाल्यास भरपाई ठरवून ती त्या क्षेत्रातील रहिवाशांकडून वसूल करता येते. अनुसूचित जाती व जमाती अत्याचार प्रतिबंधक अधिनियम, १९८९ च्या कलम १६ मध्येही सामूहिक दंडाची तरतूद आहे. दलित वस्ती जळते तेव्हा ज्यांची घरे जातात त्यांच्यावर घरबांधणीचे कर्ज चढते. ते त्या गावाने सोसावे, असे म्हणण्यास या कलमात निश्चित आधार आहे. नियमांनुसार मिळणारे अर्थसाहाय्य मात्र शासन देते, गाव देत नाही.

स्वातंत्र्योत्तर काळ

दंडातून पीडिताला काही रक्कम देण्याचा अधिकार १८६१ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेपासून न्यायालयांना होता. १८९८ च्या संहितेत तो कलम ५४५ मध्ये आला. १९५५ च्या दुरुस्तीने खुनाच्या प्रकरणी १८५५ च्या कायद्यातील आप्तांना भरपाई देण्याची सोय त्यात झाली. १९७३ च्या संहितेच्या कलम ३५७ ने एक नवे पाऊल टाकले. पोटकलम ३ प्रमाणे दंडाची शिक्षा नसली तरी स्वतंत्रपणे भरपाईचा आदेश देता येऊ लागला व त्याला रकमेची मर्यादा ठेवली गेली नाही. प्रथमवर्ग दंडाधिकाऱ्याला त्या वेळी पाच हजार रुपयांपर्यंतच दंड करता येत होता, हे पाहता या पोटकलमाचे मोल ध्यानात येते.

न्यायालयांनी या अधिकाराचा उपयोग मात्र जपूनच केला. पलानिअप्पा गौंडर प्रकरणात १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मृताच्या मुलांना देण्यासाठी उच्च न्यायालयाने केलेला वीस हजार रुपयांचा दंड तीन हजारांवर आणला. १९७८ च्या सरवणसिंग प्रकरणात भरपाई ठरविताना आरोपीची ऐपत पाहिली पाहिजे, हे तत्त्व स्पष्ट झाले. १९८८ च्या हरिकिशन प्रकरणात, वाचा गमावलेल्या जखमीसाठी भरपाई पन्नास हजार रुपयांपर्यंत वाढवून सर्व न्यायालयांनी या अधिकाराचा सढळ वापर करावा अशी शिफारस करण्यात आली. १९९८ मध्ये गुजरातच्या कैद्यांच्या वेतनासंबंधीच्या निर्णयात वेतनाचा काही भाग पीडितांसाठी राखून ठेवण्याचा विचार मान्य झाला. मनुस्मृतीत दंड न देऊ शकणाऱ्याने तो श्रमाने फेडावा असे सांगितले आहे, त्याची येथे आठवण होते. फरक इतकाच की मनूने त्या श्रमातून ब्राह्मणाला वगळले होते.

महाराष्ट्रातील अंकुश शिवाजी गायकवाड प्रकरणाचा निर्णय २०१३ मध्ये झाला. शेतात राखणीला असलेल्या माणसाशी कुत्र्यावरून वाद झाला आणि डोक्यात बसलेल्या फटक्याने त्याचा मृत्यू झाला. भरपाईच्या प्रश्नाचा विचार करणे व कारणे नोंदविणे हे प्रत्येक फौजदारी न्यायालयाचे कर्तव्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने या निर्णयात ठामपणे सांगितले व निर्णयाच्या प्रती सर्व उच्च न्यायालयांना पाठविण्याचा आदेश दिला. परंतु याच प्रकरणात खालच्या न्यायालयांनी हा विचार केलाच नव्हता, आणि बराच काळ लोटल्यामुळे ते परत पाठविणे न्यायालयाला उचित वाटले नाही. ज्या मृत्यूमुळे तत्त्व प्रस्थापित झाले, त्या मृताच्या कुटुंबाला त्या तत्त्वाचा लाभ मिळाला नाही.

दरम्यान २००८ च्या दुरुस्तीने कलम ३५७ अ आले व ते ३१ डिसेंबर २००९ पासून अंमलात आले. गुन्हेगार सापडो वा न सापडो, शासनाने पीडिताचे पुनर्वसन करावे हे त्याचे सूत्र आहे. महाराष्ट्रात २०१३ मध्ये मनोधैर्य योजना सुरू झाली ती याच विचारातून. चोर न सापडल्यास राजाने कोशातून द्यावे या गौतमाच्या नियमाशी त्याचे साम्य स्पष्ट आहे. १ जुलै २०२४ पासून या तरतुदी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९५ व ३९६ मध्ये आल्या आहेत.

ऋणाचे कलम

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. गुन्ह्यामुळे काढावे लागलेले कर्ज, मग ते उपचारासाठी असो वा अंत्यविधीसाठी, मुद्दल व वाजवी व्याजासह गुन्हेगाराकडूनच वसूल झाले पाहिजे, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. समुत्थानव्ययाचा तोच अर्थ आहे. पण न्यायालयात दवाखान्याचे बिल दाखल होते. ते भरण्यासाठी ज्या व्याजाने पैसे उचलले तो कागद दाखल होत नाही. बहुतेक वेळा कागदच नसतो. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या २०१८ च्या महिला पीडितांसाठीच्या योजनेत उपचारखर्च, रोजगाराची हानी, पीडितेची आर्थिक स्थिती असे अनेक घटक भरपाईसाठी विचारात घ्यावयाचे आहेत. कर्ज हा त्यात स्वतंत्र घटक नाही.

गुन्ह्यापूर्वीच्या कर्जाबाबत निराळा निर्णय द्यावा लागतो. ते संपूर्णपणे गुन्हेगारावर टाकणे म्हणजे समान कृत्याला असमान जबाबदारी लावणे होय. मृत व्यक्ती कर्जबाजारी होती की ऋणमुक्त, यावर खुन्याचे देणे ठरू नये. पण मृत जिवंत असता ज्या मिळकतीतून हप्ते भरले गेले असते ती मिळकत गुन्हेगाराने बुडविली आहे, आणि त्या मिळकतीची भरपाई १८५५ पासून कायद्याला मान्य आहे. म्हणून कर्जाची नव्हे, तर कर्ज फेडणाऱ्या हाताची किंमत मागणे हाच योग्य मार्ग ठरतो. अमेरिकेतील टेनेसी राज्याने २०२२ मध्ये असाच मार्ग पत्करला; मद्यधुंद चालकाने आई किंवा वडिलांचा जीव घेतल्यास त्यांच्या अज्ञान मुलांच्या पालनपोषणाची रक्कम त्याने द्यावी, असा कायदा तेथे झाला. मृताचे कर्ज त्यात नाही. मुलांचा उदरनिर्वाह आहे.

गुन्हा हाच जेथे ऋणाचा उगम असतो, तेथे मात्र कसलीच तडजोड नसावी. खोट्या सहीने दुसऱ्याच्या नावावर कर्ज उचलणे, धाक दाखवून बायकोच्या नावे कर्ज काढणे, ही उदाहरणे सर्वांच्या परिचयाची आहेत. कॅलिफोर्निया राज्याने २०२२ च्या कायद्याने अशा लादलेल्या कर्जाबद्दल ते लादणाऱ्यालाच जबाबदार ठरविण्याची सोय केली. आपल्याकडे महाराष्ट्र ठेवीदारांच्या हितसंबंधांचे संरक्षण अधिनियम, १९९९ खाली ठेवी बुडविणाऱ्या वित्तीय संस्थांची मालमत्ता जप्त करून ठेवीदारांत वाटता येते आणि २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी नियमन अधिनियमाने बेकायदा सावकाराने बळकावलेली जमीन परत मिळविण्याचा मार्ग दिला आहे. सुप्याच्या शेतकऱ्यांना जे आगीने साधावे लागले, त्याचा काही अंश आज जिल्हा उपनिबंधकाच्या आदेशाने साधतो.

गुन्हेगाराची ऐपत हा प्रश्न या सर्वांनंतरही उरतो. सरवणसिंग प्रकरणातील तत्त्वाप्रमाणे ऐपत पाहिली की भरपाई लहान होते आणि न पाहिली तर आदेश कागदावर राहतो. शासनाने पीडिताला आधी द्यावे व गुन्हेगाराकडून नंतर, त्याच्या वेतनातून व मालमत्तेतून, वर्षानुवर्षे वसूल करीत राहावे, हा पर्याय उरतो. शासनाकडे त्यासाठी यंत्रणा आहे. दंडाची रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करता येते, आणि जमीन महसुलाची थकबाकी कशी वसूल करावी हे महाराष्ट्रातील तलाठ्याला शिकवावे लागत नाही. कलम ३९५ खालील भरपाईची नोंद गुन्हेगाराच्या सातबाऱ्यावर बोजा म्हणून घेण्याची पद्धत मात्र अद्याप रूढ झालेली नाही. मृताच्या सातबाऱ्यावरील सोसायटीचा बोजा तसाच उभा असतो.